अजिंठ्याचे वार्निश आणि पडेगावचे तैलचित्र

पडेगावच्या एका वाचकांचा प्रश्न आहे. आजोबांचे तैलचित्र देवघराशेजारच्या भिंतीवर कित्येक वर्षे टांगलेले आहे, चेहरा काळवंडला आहे. दिवाळीच्या आवराआवरीत ते घरीच स्वच्छ करावे का? घरातल्या वडीलधाऱ्यांनी कापलेला बटाटा फिरवण्याचा उपाय सुचवला आहे. उत्तराआधी त्यांच्याच जिल्ह्यातली एक गोष्ट सांगणे भाग आहे.

१८४४ साली ईस्ट इंडिया कंपनीने मद्रास सैन्यातील रॉबर्ट गिल यांची अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी नेमणूक केली. गिल यांनी मोठमोठ्या कॅनव्हासांवर तैलरंगांत वर्षानुवर्षे काम केले. ती चित्रे लंडनजवळच्या सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली गेली आणि १८६६ च्या आगीत बहुतेक जळाली. गिल यांनी पुन्हा कुंचला हाती घेतला, ही त्यांची चिकाटी. १८७२ पासून मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स पेस्तनजी बोमनजींसारख्या विद्यार्थ्यांना घेऊन तेच काम नव्याने करू लागले. त्यांच्याही अनेक प्रतिकृती १८८५ साली लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमधील आगीत गेल्या.

प्रतिकृती जळाल्या, याची हळहळ सर्वत्र व्यक्त होते. मूळ चित्रांचे काय झाले, हे मात्र फारसे बोलले जात नाही. धूळ, काजळी आणि वटवाघळांची घाण यांनी मंदावलेले रंग नकलेसाठी स्पष्ट दिसावेत, म्हणून मूळ भिंतींवर वार्निश फासले गेले. ओल्या हाताने पुसलेली फरशी क्षणभर उजळते, तसाच हा प्रकार. वार्निश काळाबरोबर पिवळे, मग तपकिरी होते आणि धूळ धरून ठेवते. शिवाय अजिंठ्याचे रंग तेलातले नव्हेत. मातीच्या गिलाव्यावर डिंक-सरसासारख्या बंधकात ते बसवलेले आहेत. आकसणाऱ्या वार्निशाच्या ताणाने रंगाचे पापुद्रे सुटू लागले.

१९२० ते १९२२ च्या दरम्यान निजाम सरकारने इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी यांना पाचारण केले. त्यांनी सुटलेले भाग चिकटवले, बरीच घाण काढली, आणि रंग पक्के करण्यासाठी चपडी लाखेचा लेप दिला. त्या काळाच्या समजुतीनुसार उपाय उत्तम होता. पण लाखही कालांतराने काळवंडली, आणि पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांची कित्येक वर्षे हे जुने लेप उतरवण्यात खर्ची पडली. आपले चित्र इतके मोलाचे नसेल. पण इथे चुकले ते अडाणी नव्हते, हे ध्यानात ठेवावे. लंडनच्या नॅशनल गॅलरीतही १८४६ साली चित्रे अतिस्वच्छ केल्यावरून वादळ उठले आणि पुढच्याच वर्षी तेथील कीपर चार्ल्स ईस्टलेक पायउतार झाले.

आता बटाट्याविषयी. त्यातला ओला स्टार्च रंगाच्या भेगांत शिरतो आणि पावसाळ्यात बुरशीला आयते खाद्य मिळते. कांदा, पाव, साबण, स्पिरिट, काच पुसण्याचे फवारे हे सारेच वर्ज्य. स्पिरिटाने वार्निशाबरोबर खालचा रंगही निघू शकतो. पाण्याने कॅनव्हास आकसतो. थुंकीचे मात्र नवल आहे: तज्ज्ञ ती कापसाच्या बोळ्यावर घेऊन खरोखर वापरतात, आणि तिच्यातील विकरांच्या अभ्यासाला २०१८ साली ‘इग नोबेल’ मिळाले. तरी तो प्रयोग घरी नको. ओल शेवटी ओलच.

घरी करण्याजोगे काम कोरडेच. आधी दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढून ठेवावीत. मग चित्र उतरवून उभे टेकवावे आणि बाजूने विजेरीचा तिरपा प्रकाश टाकून पाहावे. कुठे पापुद्रे, फुगवटे वा सुटणारी भुकटी दिसली तर हात लावू नये. पृष्ठभाग घट्ट असेल तरच रुंद, मऊ, कोरड्या ब्रशने वरून खाली अलगद धूळ झाडावी. फडके नको, त्याचे धागे भेगांत अडकतात. पाठीमागे खालच्या लाकडी पट्टीत साठलेली धूळही हलकेच काढावी. चित्र पुन्हा टांगताना समईपासून दूर, उन्हाच्या तिरिपेबाहेर आणि ओल न येणाऱ्या भिंतीवर टांगावे.

आजोबांच्या चेहऱ्यावरचा काळोख काजळीचा आहे की पिवळ्या वार्निशाचा, हे ब्रश फिरवल्यावरही डोळ्यांनी ठरणार नाही. त्यासाठी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या संवर्धन केंद्राकडे विचारणा करावी, सोबत ती छायाचित्रे पाठवावीत. दिवाळीपर्यंत उत्तर आले नाही तरी चालेल.