चिपची प्रत आणि परभणीचा उन्हाळा

मोंढ्यात कापूस घेऊन गेलेल्या शेतकऱ्याला प्रतवारी म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. खरेदीदार ढिगात हात घालतो, चिमूटभर कापूस ओढून धाग्याची लांबी पाहतो आणि भाव बोलतो. शेत एकच, बियाणे एकच. तरी पहिल्या वेचणीची प्रत वेगळी आणि शेवटच्या वेचणीची वेगळी. संगणकाच्या चिपचीही अशीच प्रतवारी होते, हे ऐकून अनेकांना नवल वाटेल.

सिलिकॉनच्या एका गोल चकतीवर एकाच आराखड्याच्या अनेक चिप्स तयार होतात. पण घडणीत सूक्ष्म फरक राहतात. एक चिप कमी व्होल्टेजवर वेगाने चालते, शेजारचीच अडखळते. कारखान्यात त्यांची चाचणी होते आणि वेगाचा शिक्का बसतो. १९९३ च्या मार्चमध्ये इंटेलचा पेंटियम आला, तोच ६० आणि ६६ मेगाहर्ट्झ अशा दोन वेगांत. पुण्यात जन्मलेले विनोद धाम यांचे नाव ज्या पेंटियमशी जोडले गेले, तोच हा.

शिक्क्यापेक्षा जास्त वेगाने चिप पळवणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. १९९८ चा सेलेरॉन ३०० ए त्यासाठी गाजला. मदरबोर्डवरील ६६ चा वेग १०० केला, की साडेचारपटीच्या हिशेबाने ३०० मेगाहर्ट्झची चिप ४५० वर जाई, आणि बऱ्याच चिप्स तो वेग सहज पेलत. शिक्का खालचा, माल वरचा!

पुढे हा छंद ग्राफिक्स कार्डांकडे वळला. जीपीयू-झेड या मोफत प्रोग्रॅममध्ये काही कार्डांची 'एसिक क्वालिटी' टक्क्यांत दिसू लागली. कारखान्यात चिपमध्येच नोंदलेल्या माहितीवरून हा आकडा मिळे. जास्त टक्के म्हणजे कमी व्होल्टेजवर चालणारी, पंख्याच्या थंडाव्यावर अधिक पळणारी चिप. कमी टक्के म्हणजे जास्त व्होल्टेज मागणारी, पाण्याच्या किंवा द्रव नायट्रोजनच्या थंडाव्याला योग्य, असा त्याचा अर्थ लावला जाई. लोकांनी मात्र त्याला परीक्षेचे गुण समजून टाकले.

त्या लोकांत मीही होतो. २०१३ साली पुतण्याने साठवलेल्या पैशांतून जुने कार्ड घ्यायचे ठरवले. दोन कार्डे समोर होती. आकडा मोठा म्हणून महागडे घ्यायला मीच सांगितले. वेग वाढवला, व्होल्टेज वाढवले. हिवाळाभर सारे झकास चालले. मे महिन्यात पडद्यावर रंगीत रेघा उमटल्या आणि चार दिवसांत कार्ड बंद पडले. "काका, आकडा तर चांगला होता ना?" एवढेच तो म्हणाला. माझ्याजवळ उत्तर नव्हते.

उत्तर साध्या हिशेबात होते. चिपला लागणारी वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दोन्ही दहा टक्क्यांनी वाढवले तर वीज सुमारे तेहतीस टक्के जास्त लागते आणि तेवढीच उष्णता बाहेर पडते. पंखा तर खोलीतलीच हवा फिरवणार. ज्यांचे विक्रम वाचून आम्ही हुरळलो, त्यांच्या खोलीत वीस अंश. आमच्या पत्र्याखाली बेचाळीस. म्हणजे चिप सुरुवातीलाच बावीस अंशांनी मागे. हे त्या टक्क्यांत कुठे लिहिलेले असणार?

आकडा खोटा नव्हता. तो चिपचा एक गुण सांगत होता. कार्डावरची मेमरी, वीजपुरवठा आणि आमचा उन्हाळा यांबद्दल तो गप्प होता. पुढच्या काळातील कार्डांवर हा आकडा दिसेनासा झाला. कारखान्यातली प्रतवारी मात्र चालूच आहे.

शितावरून भाताची परीक्षा होते, हे खरे. पण भात शिजला की नाही, एवढेच शीत सांगते. तो किती जणांना पुरेल, हे सांगत नाही. पुतण्याला मी पुढच्या दिवाळीत दुसरे कार्ड घेऊन दिले. त्याचा आकडा आम्ही दोघांनीही पाहिला नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)