क्लॅरेट

बोर्दोच्या रेड वाइनला इंग्रज ‘क्लॅरेट’ म्हणतात. खुद्द फ्रेंच माणूस म्हणत नाही. मूळ शब्द जुन्या फ्रेंचमधला ‘क्लेरे’, म्हणजे फिकट, नितळ. ११५२ मध्ये, बोर्दो ज्यात येतं त्या अ‍ॅक्विटेनच्या एलेनॉरनं हेन्रीशी लग्न केलं, दोन वर्षांत तो इंग्लंडचा राजा झाला आणि पुढे बोर्दोची पिंपं जहाजांनी तिकडे जाऊ लागली. द्राक्षांच्या साली तेव्हा रसात फार मुरू देत नसत, म्हणून रंग फिकट. आता वाइन चांगली गडद असते, नाव मात्र तेच! तरी बोर्दोतल्याच मेदोक भागातल्या उत्तम वाइनमध्ये जुना नितळपणा जिभेला सापडतो. काबर्ने सोव्हिन्यों द्राक्षाचा तुरटपणा हिरड्यांना जेमतेम जाणवतो, मर्लो द्राक्ष तो मऊ करतं, आंबटपणानं तोंडाला पाणी सुटतं. कुणी कुणावर कुरघोडी करत नाही. फिकटच हवी असेल, तर ‘क्लेरे’ बोर्दोत आजही बनते.