बाजार बंद पडला तो दिवस: दोन केबल, एक चर आणि न वापरलेला बॅकअप

अक्कलकोटहून मी परत तुमच्यासमोर. ज्यांना गाडीत, जिममध्ये किंवा रात्री कानात हेडफोन घालून ऐकायला जमलं नाही, त्यांच्यासाठी ही या भागाची लेखी आवृत्ती. बोलताना जिथं घसरलो होतो, तिथं लिहिताना जरा सावरून घेतलंय.

आजची गोष्ट एका बुधवारची. तारीख २४ फेब्रुवारी २०२१. लॉकडाऊनच्या काळात घरी बसून हजारो पोरांनी डीमॅट खाती उघडली होती. माझा सोलापूरचा एक मित्र त्यातलाच. त्या दिवशी सकाळी त्यानं बँक निफ्टीचं फ्यूचर विकलं होतं. बाजार पडेल असा त्याचा अंदाज होता आणि चुकलं तर बाहेर पडायला स्टॉपलॉस लावलेला होता. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, महिन्याची एक्स्पायरी.

दहा वाजून गेल्यावर निफ्टीचा आकडा स्क्रीनवर हलेना. पोरांना वाटलं नेट गेलं. कुणी राउटर बंद-चालू केला, कुणी ब्रोकरला शिव्या घातल्या. ११:४० च्या सुमाराला नॅशनल स्टॉक एक्स्चेंजनं, म्हणजे एनएसईनं, व्यवहारच थांबवले. देशातला सगळ्यात मोठा शेअर बाजार भर दिवसा बंद. आणि चेन्नईत त्यांचं एक अख्खं पर्यायी सेंटर तयार होतं.

मग ते का वापरलं नाही? आजचा भाग त्यावर आहे. पण त्यासाठी थोडं मागं जावं लागेल.

वडाखालून सॅटेलाइटवर

आम्हा अक्कलकोटकरांना वडाचं महत्त्व सांगायला नको. पण मुंबईचा शेअर बाजारही वडाखालीच सुरू झाला, हे मला बरंच उशिरा कळलं. १८५० च्या दशकात टाउन हॉलसमोरच्या वडांच्या सावलीत दलाल जमायचे. १८७५ मध्ये त्यांची रीतसर संघटना झाली, तोच आजचा बीएसई. पुढची शंभरेक वर्षं तिथला व्यवहार म्हणजे रिंगणात उभं राहून ओरडायचं, हातवारे करायचे आणि वहीत सौदा टिपायचा.

आता आमच्या भाषेत बोलायचं, तर याला म्हणतात सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर. सगळा बाजार एका इमारतीत, एका मजल्यावर. १२ मार्च १९९३ ला मुंबईत बॉम्बस्फोट झाले, त्यातला पहिला दुपारी दीडच्या सुमारास याच इमारतीत झाला. बाजार एका जागेवर अवलंबून असणं म्हणजे काय, ते त्या दिवशी दिसलं.

त्याच सुमारास एक वेगळा प्रयोग उभा राहत होता. नोव्हेंबर १९९२ मध्ये एनएसई कंपनी स्थापन झाली. डॉ. आर. एच. पाटील हे तिचे पहिले व्यवस्थापकीय संचालक. या लोकांनी ठरवलं, रिंगण नकोच. सगळं स्क्रीनवर. पण १९९४ चा भारत डोळ्यासमोर आणा. ट्रंक कॉल लागायचे वांधे, डेटा लाइन कुठून आणायची? म्हणून त्यांनी जमिनीवरचा रस्ताच सोडला आणि आकाशातून गेले. ब्रोकरच्या गच्चीवर व्हीसॅटची छत्री बसवायची आणि सॅटेलाइटमार्फत थेट मुंबईच्या कॉम्प्युटरशी बोलायचं. ३ नोव्हेंबर १९९४ ला शेअर्सचे व्यवहार सुरू झाले आणि वर्षभरातच एनएसईनं उलाढालीत बीएसईला मागं टाकलं. तोवर बीएसईनंही १९९५ मध्ये बोल्ट नावाची स्वतःची स्क्रीन आणली होती.

गावोगावचा दलाल दलाल स्ट्रीटच्या दलालाच्या बरोबरीला आला, ही या गोष्टीतली गोड बाजू. दुसरी बाजू अशी, की आता सगळा देश मुंबईतल्या एका कॉम्प्युटरवर टांगलेला होता. तो बंद पडला तर?

एकाला दोन

त्यांनी निवडलेलं मशीन होतं स्ट्रॅटस. ही अमेरिकन कंपनी १९८० ची आणि तिचा धंदाच मुळी "बंद न पडणारा कॉम्प्युटर" विकण्याचा. आत गंमत काय, तर एका बोर्डावर दोन प्रोसेसर तेच गणित एकाच वेळी करतात आणि उत्तरं ताडून बघतात. जुळलं नाही, की तो बोर्ड स्वतःहून बाजूला होतो. शेजारी तसाच दुसरा बोर्ड तेच काम आधीपासून करत असतो, तो पुढं चालू ठेवतो. वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही. शिवाय मशीन स्वतःच कंपनीला कळवतं, की माझा अमुक भाग बिघडलाय, नवा पाठवा.

हे महागडं. जगानं स्वस्त वाट शोधली, ती क्लस्टरची: साधेच दोन-चार सर्व्हर घ्यायचे, त्यांनी एकमेकांची नाडी बघत राहायची, एक गेला की दुसऱ्यानं काम उचलायचं. डेक कंपनीनं १९८३ मध्ये व्हॅक्सक्लस्टर आणलं, ते यातलं गाजलेलं. व्हर्च्युअल मशीनची कल्पना तर त्याहून जुनी, १९६० च्या दशकातली, आयबीएमच्या मोठ्या मशीनवरची. १९९८ मध्ये व्हीएमवेअर कंपनी आली आणि ती कल्पना साध्या सर्व्हरवर उतरली. सर्व्हर म्हणजे लोखंडी डबा, ही समजूतच गेली. सर्व्हर म्हणजे एक फाइल. ती फाइल सामायिक स्टोरेजवर ठेवा, एक डबा मेला तर दुसऱ्यावर चालू करा.

इथंच मेख आहे. डबे कितीही ठेवा, ती सगळी फाइल ज्या स्टोरेजवर आहे, तेच गेलं तर?

त्या बुधवारी काय झालं

एनएसईकडे स्टोरेजही एक नव्हतं. मुंबईतल्या मुख्य सेंटरमधला डेटा जवळच्याच दुसऱ्या सेंटरमध्ये सतत उतरत होता. दोन्हींना जोडणाऱ्या लाइन अनेक, त्याही दोन वेगवेगळ्या टेलिकॉम कंपन्यांच्या. कागदावर पाहिलं, तर अगदी व्यवस्थित.

एक्स्चेंजनं नंतर सांगितलेलं कारण असं. त्या दोन सेंटरमधल्या रस्त्यावर खोदकाम आणि बांधकाम चालू होतं. त्यात दोन्ही कंपन्यांच्या लाइन डळमळल्या. लाइन गेल्या तरी मुख्य स्टोरेजनं एकट्यानं काम चालू ठेवायचं, असं डिझाइन होतं. तसं झालं नाही. मुख्य स्टोरेजच सर्व्हरना दिसेनासं झालं. गंमत म्हणजे सौदे जुळवणारी मुख्य यंत्रणा ठीक होती. बंद पडली ती जोखीम तपासणारी यंत्रणा, इंडेक्स मोजणारी आणि देखरेख करणारी. प्रत्येक सौद्यामागं पुरेसं मार्जिन आहे का, हे तपासता येत नसेल तर बाजार चालू ठेवणं म्हणजे ब्रेक नसलेली एसटी घाटात सोडणं. म्हणून व्यवहार थांबवले.

हे वाचलं तेव्हा मला माझंच घर आठवलं. लॉकडाऊनमध्ये अक्कलकोटहून काम करताना मी मोठ्या हुशारीनं दोन कंपन्यांची नेट कनेक्शनं घेतली होती. एक गेलं तर दुसरं. मग एकदा रस्त्याच्या कामाला जेसीबी आला आणि एका घासात दोन्ही गेली. बिलं दोन, कंपन्या दोन, पण वायर एकाच चरातून आल्या होत्या. "दोन" हा आकडा माझ्या बिलावर होता, जमिनीत नव्हता.

दोघांतला खरा कोण?

आता जरा खोलात जाऊ, कारण इथं खरी अडचण आहे.

दोन स्टोरेज एकमेकांची तंतोतंत नक्कल ठेवतात, तेव्हा प्रत्येक नोंद दोन्हीकडं लिहून झाल्यावरच "झालं" म्हणून सांगितलं जातं. मधली लाइन तुटली, तर पहिल्याला काय दिसतं? दुसरा उत्तर देत नाही. तो मेलाय, की फक्त रस्ता तुटलाय, हे आतून कळायला मार्ग नाही. दुसऱ्यालाही पहिल्याबद्दल तेवढंच दिसतं. दोघांनीही "आता मीच मालक" म्हणून लिहायला सुरुवात केली, तर एकाच वहीच्या दोन वेगळ्या वह्या होतात. याला स्प्लिट ब्रेन म्हणतात. बाजारात असं झालं, तर एका वहीत तुमच्याकडं शेअर आहेत आणि दुसऱ्या वहीत नाहीत.

म्हणून क्लस्टरमध्ये मतदान असतं. तिसरा साक्षीदार वेगळ्या जागी, वेगळ्या रस्त्यानं जोडायचा. ज्याच्याकडं बहुमत, तो चालू राहणार. दुसऱ्यानं गप्प बसायचं. आणि नियम असा, की शंका आली तर थांबा; चुकीचं लिहू नका. म्हणजे सुरक्षेसाठी घातलेला नियमच चुकीच्या सेटिंगमुळं अख्खी यंत्रणा थांबवू शकतो.

मग चेन्नई? प्रकाश फायबरमधून एका मिलिसेकंदात साधारण २०० किलोमीटर जातो. मुंबई ते चेन्नई सरळ रेषेत हजारेक किलोमीटर. म्हणजे जाऊन-येऊन किमान दहा मिलिसेकंद. प्रत्येक सौद्यासाठी एवढं थांबणं बाजाराला परवडत नाही, म्हणून इतक्या लांबच्या सेंटरला डेटा किंचित मागून जातो. एकदम तिकडं उडी मारली, तर शेवटच्या काही क्षणांचा हिशोब जुळवत बसावं लागू शकतं. आणि "दहा मिनिटांत इथलंच दुरुस्त होईल" ही आशा प्रत्येक इंजिनिअरला असते. मी स्वतः त्या आशेवर रात्री काढल्यात. दहाची वीस होतात, वीसचा तास होतो.

त्या दिवशी एनएसई चेन्नईला गेलंच नाही. दुपारी ३:४५ ला मुंबईतूनच बाजार पुन्हा उघडला आणि पाचपर्यंत चालला. पण वेळ वाढणार हे अगदी शेवटी कळलं. तोवर काही ब्रोकरांनी ग्राहकांचे इंट्राडे सौदे चालू असलेल्या बीएसईवर मोडूनही टाकले होते. त्याच दिवशी सरकारी कामावरची खासगी बँकांवरची बंदी उठल्याची बातमी आली आणि बँकांचे शेअर उसळले. सेन्सेक्स हजारावर अंकांनी वर बंद झाला.

माझ्या मित्राचा स्टॉपलॉस? तो एनएसईच्या बंद दाराआड. दार उघडलं तेव्हा भाव त्याच्या पार पलीकडं गेला होता. गेले ते लाखो नव्हते, दोन महिन्यांचे बाइकचे हप्ते होते. पण मला त्याचं एक वाक्य लक्षात राहिलं: "भावा, मी हरलो असतो तर चाललं असतं. मला खेळूच दिलं नाही."

बॅकअप वेगळा, चालू राहणं वेगळं

इथं एक घोळ सोडवू. त्या दिवशी एनएसईचा डेटा गेला नाही. गेली ती उपलब्धता. उलटा प्रकार आपण २१ जून २०१२ ला पाहिला होता. मंत्रालयाला आग लागली, माणसं गेली, वरचे मजले जळाले. ज्या कागदांची प्रत दुसरीकडं होती ते वाचले. ज्यांची एकच फाइल एकाच कपाटात होती, ती राख झाली. तिथं कितीही क्लस्टर असून उपयोग नव्हता, तिथं दुसरी प्रत हवी होती.

आणि नक्कल म्हणजे बॅकअप नव्हे. कुणी चुकून टेबल डिलीट केलं, तर नक्कल करणारं स्टोरेज तेही इमानदारीनं दुसरीकडं डिलीट करतं. व्हर्च्युअल मशीनचा स्नॅपशॉटही बॅकअप नव्हे. तो मूळ डिस्कच्याच आधारावर उभा असतो, मूळ गेली की तोही गेला.

माझ्या पहिल्या नोकरीत रोज पहाटे मेल यायचा: सगळ्या मशीनचे बॅकअप यशस्वी, हिरवी टिक. कित्येक महिने. एके दिवशी खरंच रिस्टोअर करायची वेळ आली, मशीन उठलं आणि आतला डेटाबेस उघडेना. डेटाबेस लिहीत असतानाच डिस्कची प्रत काढली जात होती, त्याला क्षणभर थांबवायचं सेटिंग कुणी केलंच नव्हतं. आम्ही सगळे टिक बघत होतो. रिस्टोअर एकदाही कुणी करून पाहिलं नव्हतं. त्या "कुणी"मध्ये मीही होतो.

शनिवारी बाजार का उघडला होता?

मार्च २०२१ मध्येच सेबीनं नियम कडक केले. महत्त्वाची यंत्रणा अडली, तर तीस मिनिटांच्या आत "आपत्ती" जाहीर करायची. मग ४५ मिनिटांत पर्यायी सेंटरवरून काम सुरू करायचं आणि पंधरा मिनिटांपेक्षा जास्त डेटा गमवायचा नाही. मला यातलं पहिलं कलम सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. ते यंत्रासाठी नाही, माणसासाठी आहे. "अजून दहा मिनिटं बघू" म्हणणाऱ्या आपल्यासारख्यांसाठी. २०२३ मध्ये एनएसई आणि तिच्या क्लिअरिंग कंपनीनं ७२ कोटींहून जास्त रक्कम भरून सेबीकडचं हे प्रकरण मिटवलं.

आणि तुमच्यातल्या काहींना आठवत असेल, २ मार्च २०२४ ला शनिवार असूनही बाजार उघडला होता. सकाळी पाऊण तास मुख्य सेंटरवरून, मग थोडी विश्रांती, मग तासभर पर्यायी सेंटरवरून. मे महिन्यात १८ तारखेला पुन्हा तसंच. तेव्हा ग्रुपवर मीम फिरले, की सुट्टीही खाल्ली म्हणून. मी मात्र सकाळी चहा घेऊन स्क्रीनसमोर बसलो होतो. साडेअकराला आकडे परत हलायला लागले. वेगळ्या सेंटरवरून, खऱ्या पैशांनी. स्क्रीनवर काहीच वेगळं दिसलं नाही. तेच बघायला मी बसलो होतो.

मित्रालाही फोन केला होता, चालू आहे बघ म्हणून. तो म्हणाला, "चांगलंय. तीन वर्षं आधी करायचं होतं."

तर मंडळी, हा भाग ऐकून झाल्यावर एकच करा. तुमच्या फोनमधले फोटो, आईबाबांची कागदपत्रं, जे काही "बॅकअपला आहे" असं वाटतंय, त्यातली एक फाइल दुसऱ्या डिव्हाइसवर उतरवून उघडून बघा. उघडली, तर बॅकअप आहे. नाही उघडली, तर आज कळलं हे बरं झालं. मला कमेंटमध्ये सांगा, काय अडलं ते बघू.

पुढच्या भागात भेटूच. तोवर, श्री स्वामी समर्थ!