चालू-बंदच्या मधलं अंतर

शिरूर-दौंडकडं गावोगावी दूध संकलन केंद्रं आहेत. तिथल्या बल्क कूलरमध्ये दूध साधारण ४ अंशांवर ठेवतात. पण कधी कधी कॉम्प्रेसर मिनिटा-मिनिटाला चालू-बंद व्हायला लागतो. मोटर जळाली, की गावाचं दूध नासलंच म्हणून समजा.

या दुखण्याची गोष्ट जुनी आहे. १७व्या शतकात कॉर्नेलिस ड्रेबेलने अंडी उबवायच्या भट्टीची आच आपोआप आवरली. अमेरिकेत शिपाई वर्गावर्गात फिरून तापमान बघायचा, म्हणून प्राध्यापक वॉरन जॉन्सन यांनी विजेचा थर्मोस्टॅट बनवला. पेटंट १८८३ चं.

आता चालू आणि बंद एकाच आकड्यावर ठेवलं, तर यंत्र तिथंच थरथरत राहणार. म्हणून आकडे दोन लागतात: समजा ४ ला बंद, ५ ला चालू. मधलं अंतर म्हणजे डिफरन्शियल. आम्ही कोडमध्ये त्यालाच हिस्टेरेसिस म्हणतो. थंड देशांत घर तापवणाऱ्या थर्मोस्टॅटचंही गणित हेच, फक्त उलटं.

तेव्हा आधी बघा: डिफरन्शियल फार कमी आहे का? सेन्सर सुटलाय का? कंडेन्सरवर धूळ आहे का? सगळं ठीक असेल, तर मेकॅनिककडून गॅस तपासून घ्या. आणि बंद झालेल्या कॉम्प्रेसरला तीनेक मिनिटं दम खाऊ द्या!