जोसेफ लायन्स : दोन सभागृहे, एक सदसद्विवेक

एकाच वेदीपुढे गुडघे टेकणारी दोन माणसे राजकारणात परस्परांविरुद्ध उभी राहिली, तर त्यांतला खरा ख्रिस्ती कोणता? निवडणुकीच्या दिवसांत हा प्रश्न आपल्या घराघरांतून विचारला जातो आणि क्वचित भावाभावांत अबोलाही धरला जातो. असा प्रसंग १९३१ साली ऑस्ट्रेलियाच्या संसदेत घडला. पंतप्रधान जेम्स स्कलिन हे त्या देशाचे पहिले कॅथॉलिक पंतप्रधान, आणि त्यांची साथ सोडणारे जोसेफ लायन्स हेही कॅथॉलिकच.

लायन्स यांचा जन्म १५ सप्टेंबर १८७९ रोजी टास्मानियातील स्टॅन्ली या गावी, आयरिश वंशाच्या कुटुंबात झाला. वडिलांनी घोड्यांच्या शर्यतीत पैसा घालवल्याने बालवयातच त्यांना काम करावे लागले. दोन मावश्यांच्या आधाराने पुढील शिक्षण झाले व ते शिक्षक बनले. १९०९ साली मजूर पक्षातर्फे ते टास्मानियाच्या विधानसभेत निवडून आले. १९१५ साली त्यांनी एनिड बर्नेल यांच्याशी विवाह केला. त्या मेथडिस्ट घराण्यातल्या, विवाहसमयी त्यांनी कॅथॉलिक श्रद्धा स्वीकारली. या दांपत्याला बारा मुले झाली.

महायुद्धात सक्तीच्या लष्करभरतीवरून मजूर पक्ष फुटला, तेव्हा लायन्स भरतीविरोधी बाजूला राहिले आणि १९१६ साली टास्मानियात पक्षाचे नेते झाले. १९२३ ते १९२८ ते राज्याचे मुख्यमंत्री होते. राज्य गरीब आणि कर्जबाजारी. तिजोरीचा हिशेब जुळवण्याची आणि विरोधकांशी सलोख्याने वागण्याची सवय त्यांना तेथेच जडली.

१९२९ साली ते संघराज्याच्या संसदेत गेले व स्कलिन यांच्या मंत्रिमंडळात आले. त्याच सुमारास जागतिक मंदी कोसळली. १९३० साली पंतप्रधान लंडनला असताना लायन्स हंगामी अर्थमंत्री होते. मुदत भरलेल्या २ कोटी ८० लक्ष पौंडांच्या कर्जाची फेड लांबणीवर टाकावी, असा पक्षातील अनेकांचा आग्रह होता. लायन्स यांनी नकार दिला. दिलेला शब्द मोडल्यास देशाची पत जाईल, असे त्यांचे मत होते. त्यांनी जनतेलाच आवाहन केले आणि नवे कर्ज पूर्ण उभे राहिले. जानेवारी १९३१ मध्ये, चौकशीच्या आरोपातून अद्याप मुक्त न झालेले एडवर्ड थिओडोर यांना पुन्हा अर्थमंत्री नेमण्यात आले, तेव्हा लायन्स यांनी मंत्रिपद सोडले आणि मार्चमध्ये पक्षही सोडला.

जुन्या सहकाऱ्यांनी त्यांना फितूर ठरवले. त्यांचा संताप आम्हाला समजतो. ज्या श्रमिकांनी त्यांना वर चढवले, त्यांच्यातील असंख्य लोक बेकार होते, आणि खर्चकपातीचा भार निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या वृद्धांवरही पडला. मात्र ही कपात स्कलिन सरकारनेच राज्यांशी करार करून १९३१ साली स्वीकारली होती, हेही विसरता येत नाही.

१९ डिसेंबर १९३१ च्या निवडणुकीत लायन्स यांचा युनायटेड ऑस्ट्रेलिया पक्ष विजयी झाला. १९३४ व १९३७ सालीही लोकांनी त्यांनाच कौल दिला. ७ एप्रिल १९३९ रोजी, गुड फ्रायडेच्या दिवशी, पदावर असतानाच त्यांचे निधन झाले. पुढे १९४३ साली एनिड लायन्स त्या देशाच्या प्रतिनिधिगृहात निवडून गेलेल्या पहिल्या महिला ठरल्या.

मग खरा ख्रिस्ती कोण? आम्हाला वाटते, प्रश्नच चुकीचा आहे. कर्ज केव्हा फेडावे, हे शुभवर्तमान सांगत नाही. ते मनुष्याने अभ्यासून आणि प्रार्थनेने ठरवायचे असते. शुभवर्तमान मागते ते प्रामाणिकपण. मतभेद झाल्यावर लायन्स यांनी खुर्चीला चिकटून राहून कारस्थान केले नाही. आधी खुर्ची सोडली, मग विरोधात मत दिले. स्कलिन पराभव पत्करूनही आपल्या श्रमिकांबरोबर राहिले. दोघांनीही आपापल्या विवेकाची किंमत मोजली. निवडणुकीनंतरच्या रविवारी मिस्सेला शेजारच्या बाकावर बसणाऱ्या आपल्या बांधवाकडे पाहताना एवढे आठवले, तरी पुरे.