रोम नक्की कधी पडलं?

शाळेत दोन सनावळ्या घोकल्या होत्या. ४७६: रोमन साम्राज्य कोसळलं. १४५३: तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल घेतलं. गंमत अशी, की १४५३ मध्ये पडलं तेही रोमच!

४७६ मध्ये ओडोएकर नावाच्या सेनापतीने रोम्युलस ऑगस्टुलस या पोरसवदा सम्राटाला खाली उतरवलं आणि राजचिन्हं कॉन्स्टँटिनोपलला, सम्राट झेनोकडे धाडली. म्हणजे रोमन सम्राट होताच की! तिथले लोक ग्रीक बोलत, पण स्वतःला रोमनच म्हणवत. ‘बायझंटाइन साम्राज्य’ हे नाव रुळलं ते साम्राज्य बुडाल्यावर. १५५७ मध्ये हिरोनिमस वोल्फ या जर्मन पंडिताच्या ग्रंथाने त्याची सुरुवात केली.

मधल्या काळात दुसरे वारसदारही उभे राहिले. ८०० मध्ये पोपने शार्लमेनला रोमन सम्राट म्हणून मुकुट घातला. त्या परंपरेतलं ‘पवित्र रोमन साम्राज्य’ नेपोलियनच्या धाकाने १८०६ मध्ये गुंडाळलं गेलं. कॉन्स्टँटिनोपल जिंकणाऱ्या सुलतान मेहमतनेही ‘कैसर-ए-रूम’ ही पदवी घेतली.

हा ‘रूम’ पार आपल्यापर्यंत पोचलाय. विजापूरची मुलुखमैदान तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली गेली. ती ओतणारा मुहम्मद ‘रूमी’, म्हणजे तुर्कांच्या मुलखातला!

मला विचाराल तर राज्य कोणाचं हे तिथल्या माणसांनी सांगावं. हजार वर्षं स्वतःला रोमन म्हणवणाऱ्यांचं नाव मागाहून बदललं, आणि आपण ४७६ पाठ करत बसलो.