चार ओळींची जागा : निधनवार्तेचा मागोवा

निवृत्त मुख्याध्यापक, वय ८४, वृद्धापकाळाने निधन. मागे पत्नी, दोन मुलं, एक मुलगी, सुना, जावई, नातवंडं असा परिवार. वैकुंठ स्मशानभूमीत अंत्यसंस्कार. पुण्याच्या कुठल्याही दैनिकाच्या आतल्या पानावर अशी नोंद सापडते. गावाबाहेर कुणाला ठाऊक नसलेल्या माणसाला वर्तमानपत्रात या चार ओळी मिळायला मराठी पत्रसृष्टीची शंभरएक वर्षं जावी लागली.

बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत निघालं, ‘ज्ञानप्रकाश’ १८४९मध्ये पुण्यात. लोकांना शहाणं करावं, जगाची खबर द्यावी, या ध्यासातून ही पत्रं जन्मली. शेजारच्या वाड्यात कोण गेलं हे सांगणं त्यांचं काम नव्हतं. ते तोंडोतोंडीच कळत असे.

मृत्यूला मराठीत खरं वजन दिलं ते ‘केसरी’च्या मृत्युलेखांनी. १८८१मध्ये पत्र सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी विष्णुशास्त्री चिपळूणकर अवघ्या एकतिसाव्या वर्षी गेले. १८९५मध्ये आगरकर गेले. ते ‘केसरी’चे पहिले संपादक, टिळकांशी बिनसल्यावर बाहेर पडून त्यांनी ‘सुधारक’ काढलं होतं. तरी त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला टिळकांनीच. १९०१मध्ये न्यायमूर्ती रानडे वारले. त्यांच्याशीही टिळकांचा उभा दावा होता. पण निपचित पडलेल्या महाराष्ट्रात धुगधुगी आणण्याचं श्रेय टिळकांनी मोकळ्या मनाने त्यांनाच दिलं. हयातीत ज्याच्याशी भांडलो, त्याचं मोठेपण मृत्यूनंतर हातचं न राखता नोंदवायचं, हा दंडक तिथे पडला. पुढे आचार्य अत्र्यांनी ‘मराठा’त आंबेडकरांवर आणि नेहरूंवर एकामागून एक लेख लिहिले, ते याच घराण्यातले.

हे सगळे मृत्युलेख थोरांचे होते आणि थोर कोण, हे संपादक ठरवत असे. डॉ. आनंदीबाई जोशी १८८७मध्ये पुण्यात गेल्या तेव्हा ‘केसरी’ने त्यांची आदराने दखल घेतली, पण असा मान मिळालेल्या स्त्रिया हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. ज्यांचं जगणंच पानावर येत नव्हतं, त्यांचं मरण कुठून येणार? बहुजनांचा आवाज छापायला कृष्णराव भालेकरांना १८७७मध्ये ‘दीनबंधू’ आणि बाबासाहेबांना १९२०मध्ये ‘मूकनायक’ काढावं लागलं, यातच उत्तर आलं.

निधनवार्तेची दुसरी शाखा मुंबईच्या गुजराती पत्रांतली. १८२२चं ‘मुंबई समाचार’ आणि १८३२चं ‘जामे जमशेद’ या दोन्ही पत्रांत मरणनोंदींना मानाची जागा. पारशी घरांत ‘जामे’ हातात आला की आधी तेच पान उघडायची रीत. गुजराती नोंदीत मूळ गाव, माहेर, सासर, प्रार्थनासभेची वेळ, लौकिक व्यवहार बंद असल्याची सूचना, असं सगळं असतं. माणूस थोर असण्याची अट नाही. तो आपल्यातला असला की पुरे. गोव्याच्या पत्रांतही अशी पानं असतात : फोटो, घरून अंत्ययात्रा निघण्याची वेळ, चर्चमधली प्रार्थना.

या दोन्ही शाखा पुण्यात येऊन मिळाल्या, असं मी मानतो. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या ना. भि. परुळेकरांनी १ जानेवारी १९३२ रोजी ‘सकाळ’ सुरू केला. मतांपेक्षा बातमी मोठी आणि बातमीत आपल्या गावची बातमी मोठी, हे त्यांचं धोरण. भाव, सभा, नळाचं पाणी या गोष्टींना पानावर हक्काची जागा मिळाली. रोजचं शहर बातमीचा विषय झाल्यावर त्यातला शिक्षक, दुकानदार, नाट्यगृहाचा व्यवस्थापक यांचं जाणंही बातमी ठरलं. नात्यातल्या कुणीतरी चिठ्ठी लिहून कचेरीत द्यायची आणि उपसंपादकाने ती ठरलेल्या साच्यात बसवायची, ही पद्धत रुळली.

या साच्यात एक अन्याय अजून टिकून आहे. चाळीस वर्षं खानावळ चालवून शेकडो विद्यार्थ्यांना जेवू घालणारी बाई नोंदीत ‘अमुक यांच्या मातोश्री’ एवढीच उरते. तिचा धंदा आणि तिने घडवलेली माणसं, कशालाच ओळ मिळत नाही.

ही नोंद किती मोलाची, हे २०२१च्या उन्हाळ्यात दिसलं. करोनाच्या दुसऱ्या लाटेत गुजरातच्या दैनिकांत मरणनोंदींनी पानंच्या पानं भरली आणि सरकारी आकडा खरा नाही हे वाचकाला घरबसल्या कळलं. स्थानिक इतिहासाचं कच्चं साधन म्हणूनही या नोंदींना तोड नाही. कोणत्या पेठेत कोणते व्यवसाय होते, माणसं कुठल्या गावांहून आली, देहदान आणि नेत्रदान कधी रुजलं, हे सगळं त्यांत आहे.

म्हणून घरातलं माणूस गेलं की चिठ्ठी लिहिणाऱ्याने एवढं करावं : गेलेल्याचं जन्मगाव आणि त्याचं स्वतःचं काम आधी लिहावं, नातेवाइकांची यादी नंतर. बाई असेल तर तिचं नाव आणि तिचा उद्योग पहिल्या ओळीत यावा. संपादकांनी त्यासाठी एक ओळ वाढवून द्यावी आणि ग्रंथालयांनी जुन्या अंकांतल्या या नोंदींची नाववार सूची करावी. शहर घडवणारी बहुतेक माणसं याच पानावर भेटतात. त्यांना चरित्रकार मिळत नाही.